उपशाच्या लाइनीतला जॉइंट

कराडजवळ टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत आटपाडीकडे जातं. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळचं पाणी जतच्या माळापर्यंत पोहोचतं. या मोठ्या योजनांखेरीज कराड-वाळव्याच्या नदीकाठी सहकारी उपसा संस्थांच्या आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या लाइनी जमिनीखालून गेल्या आहेत. पंप, मोटर, वीजबिल यांवर पारावर तासन्‌तास बोलणं होतं. जॉइंट आठवतो तो सुटून रान भिजल्यावर. खरं तर त्याचा विचार चर खोदण्याआधी व्हायला हवा.

रबर रिंगच्या जॉइंटात पाइपाचं टोक पुढच्याच्या सॉकेटात सरकवलेलं असतं. रिंग पाणी अडवते आणि पाइपाला थोडं वळूही देते. नदीकाठच्या काळ्या रानात हा गुण मोलाचा, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला हलवत राहते. सोल्युशननं चिकटवलेला जॉइंट असा वळत नाही. ताण सॉकेटाच्या तोंडाशी साठतो. त्यात पाइपाखाली एका जागी दगड, शेजारी पोकळी, आणि वरून उसानं भरलेली ट्रॉली गेली, की तडा तिथेच जायचा. तळाला बारीक मुरूम सारखा पसरायला लागणारा वेळ वाचवू नये.

रिंगला ओढ मात्र सोसत नाही. ३०० मिलिमीटरच्या लाइनीत दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब असेल, तर काटकोनी बेंडला बाहेर ढकलणारा जोर जवळपास ६ टन भरतो! म्हणून बेंडच्या पाठीशी काँक्रीटचा ठोकळा हवा, आणि तो न उकरलेल्या घट्ट जमिनीला टेकलेला हवा. भुसभुशीत भरावाला टेकवला, तर ठोकळा सरकतो आणि बेंड निसटतो.

पंपघरातून चढणाऱ्या स्टीलच्या नळाला वेल्डिंगमुळे ओढ सोसते. त्याची अडचण उन्हाची: उघड्यावरचा १०० मीटर नळ ३० अंशांनी तापला की सुमारे ३६ मिलिमीटर लांबतो. त्यासाठी ठोकळ्यांच्या मध्ये सरकणारे जॉइंट ठेवतात.

सगळ्यात कठीण परीक्षा वीज गेल्यावर. पंप थांबतो, चढणारं पाणी मागे फिरतं आणि दाबाची लाट लाइनभर धावते. स्टीलच्या नळात सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी एकदम अडलं, तर दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका वाढू शकतो. तो आवरायला परतीचं पाणी अडवणारे व्हॉल्व्ह, हवेच्या टाक्या बसवतात. वीज आल्यावरही घाई नको: कोंडलेली हवा एअर व्हॉल्व्हमधून निघेपर्यंत डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडाच उघडून लाइन सावकाश भरावी लागते.