धावते पाय, स्थिर हात

डोंगराचा उभा चढ धापा टाकत चढून आलेल्या माणसाच्या हाती कोणी सुईदोरा दिला आणि म्हटले, "ओव पाहू चटकन," तर काय होईल? छाती धडधडते आहे, हात थरथरतो आहे. दोरा नाकाशी जाईल, पण नाकातून पार होणार नाही. बर्फाळ मुलखात नेमकी अशीच परीक्षा घेणारा एक खेळ आहे. त्याला बायथलॉन म्हणतात.

या खेळात स्पर्धक पायांना स्की, म्हणजे लांब अरुंद पट्ट्या, बांधून बर्फावरून कित्येक किलोमीटर पळतो. पाठीवर किमान साडेतीन किलो वजनाची बंदूक असते. मध्येच थांबून 50 मीटरवरच्या पाच काळ्या टिकल्या टिपायच्या; कधी पालथे पडून, तर कधी उभ्याने. पालथे पडून टिपायची टिकली 45 मिलिमीटरांची, म्हणजे जवळजवळ लिंबाएवढी. उभ्याने टिपायची 115 मिलिमीटरांची, लहान बशीएवढी. बहुतेक शर्यतींत एक नेम चुकला की 150 मीटरांचा एक जादा फेरा मारावा लागतो. त्यात वीस-पंचवीस सेकंद सहज जातात. म्हणजे जोरात पळावे तर हात हलतो, आणि हात स्थिर व्हावा म्हणून थांबावे तर वेळ जातो. सारी मेख इथेच आहे.

ऑस्ट्रियाचे क्रिस्टोफ सुमान हे मूळचे बायथलॉनवाले नव्हेत. त्यांचा जन्म 1976 सालचा, स्टायरमार्क प्रांतातील यूडेनबुर्गचा. आरंभी ते नुसते स्कीवर लांब पल्ल्याच्या शर्यती पळत. विशी ओलांडल्यावर त्यांनी बंदूक पाठीवर घेतली. आता पाहा, ज्याचे सारे शिक्षण 'थांबू नकोस' एवढेच सांगणारे, त्याला थांबायला शिकायचे होते. नेमबाजीच्या जागी येण्याआधीच वेग थोडा आवरावा, श्वास सोडून क्षणभर रोखावा, आणि त्या क्षणात घाई न करता चाप हळूच दाबावा. हे शिकायला वर्षे लागतात.

सुमान यांना ती लागली. 2005 साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ऑस्ट्रियाच्या संघाला कांस्यपदक मिळाले, त्या संघात ते होते. 2009 साली कोरियात प्योंगचांग येथे सामूहिक आरंभाच्या शर्यतीत त्यांचे सहकारी डोमिनिक लांडरटिंगर पहिले आले आणि सुमान दुसरे. तेव्हा त्यांचे वय 33 होते. पुढल्या वर्षी, 2010 मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या पाठलाग शर्यतीत स्वीडनच्या ब्यॉर्न फेरी यांच्या मागे ते रौप्यपदकाचे मानकरी ठरले.

आणि जुनी विद्या? ती वाया गेली काय? मुळीच नाही. त्याच ऑलिंपिकच्या सांघिक शर्यतीत ऑस्ट्रियाकडून अखेरची धाव सुमान यांची होती. नेमबाजी संपली होती, उरले होते फक्त पाय. शेवटच्या रेघेवर रशियाचा गडी त्यांच्या खांद्याला खांदा लावून आला. सुमान 0.2 सेकंदांनी पुढे राहिले आणि संघाला रौप्य मिळाले.

मात्र तिथल्याच सामूहिक आरंभाच्या शर्यतीत ते चौथे आले. चौथ्याला पदक मिळत नाही. पुढे झाले असे की, त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या रशियन स्पर्धकावर निषिद्ध औषधे घेतल्याचा ठपका आला. 2020 साली त्याचे निकाल रद्द ठरले, त्यावर अपिले चालली, आणि 2025 साली पदकांची नवी वाटणी झाली. फ्रान्सचे मार्तँ फुर्काद पहिले झाले, आणि चौथ्या जागेवरचे सुमान तिसरे. 2014 साली सोची येथील सांघिक शर्यतीत ऑस्ट्रिया तिसरा आला होता. त्याच स्पर्धकामुळे रशियाचा संघ बाद झाला आणि ऑस्ट्रिया दुसऱ्या जागी सरकला. सुमान 2014 मध्येच निवृत्त झाले होते. हक्काचे कांस्य त्यांच्या नावे लागले तेव्हा ते 49 वर्षांचे होते.

न्याय झाला हे खरे. पण शर्यतीच्या दिवशी हजारो लोकांसमोर पदक गळ्यात पडण्याचा जो क्षण असतो, तो कोणतीही समिती परत देऊ शकत नाही. खोट्याने जिंकणारा माणूस दुसऱ्याचा क्रमांक तर नेतोच, त्याचा तो दिवसही नेतो.

शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रयोग जरूर करावा. मुलांना बसल्या जागी सुईत दोरा ओवायला सांगा आणि वेळ मोजा. मग मैदानाला दोन फेऱ्या मारून आल्याबरोबर पुन्हा ओवायला सांगा. नाडीचे ठोके दोन्ही वेळा मोजून फळ्यावर लिहा. आधी श्वास सावरून मग हात घालणारे मूल आणि आल्या पावली झटापट करणारे मूल, यांत आधी कोणाचे ओवून होते ते वर्गालाच पाहू द्या.