डोळा दुखत नाही, म्हणून बरा नव्हे!

कोलशेत गावातल्या एका आजींना त्यांचा नातू रिक्षाने माझ्याकडे घेऊन आला. वय सत्तरीच्या घरातले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या कपाळावर डाव्या बाजूला नागीण उठली होती. गेरूचा लेप लावला, फोड सुकले. पुढे डावा डोळा लाल झाला, तर दुकानातून आणलेले थेंब घातले. "दुखत नाय बाला, मंग डाक्टर कशाला?" असे म्हणत आजींनी दिवस काढले. धूसर दिसू लागले तेव्हा मात्र नातवाने त्यांचे ऐकले नाही.

वाचकहो, लाल झालेला डोळा दुखत नाही असे कोणी सांगितले की आमच्या पोटात गोळा येतो. कोलशेत रोडवरून स्कूटरने जाताना धुळीचा एक कण डोळ्यात गेला तरी आपण कळवळतो. मग लालबुंद डोळा गप्प का?

डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिनी नसते, पण संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे त्वचेपेक्षा कित्येक पटींनी दाट असते. हे तंतू मेंदूच्या पाचव्या मज्जातंतूचे. कचरा गेला की तेच वर्दी देतात, पापणी मिटते, पाणी येते. शिवाय कॉर्नियाच्या पेशींना जगवणारी द्रव्येही त्यांच्यातूनच मिळतात. तंतू निकामी झाले की पहारेकरीही गेला आणि पोशिंदाही गेला! मग पृष्ठभाग कोरडा पडतो, सोलतो, जखम होते आणि ती भरत नाही. वेळीच उपाय झाला नाही तर कॉर्नियाला भोकही पडू शकते.

नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचेच विषाणू. ते मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतात आणि उतारवयात, प्रतिकारशक्ती घटली की डोके वर काढतात. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. ती सहसा एकाच बाजूला राहते, कारण ज्या मज्जातंतूत विषाणू जागा झाला त्याच्याच वाटेने फोड उठतात. कपाळावरची नागीण पाचव्या मज्जातंतूच्या ज्या फांदीवर उठते तीच फांदी डोळ्यालाही जाते. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका अधिक समजावा.

कापसाचा एक धागा

कॉर्नियाची संवेदना तपासायला मोठे यंत्र लागत नाही. स्वच्छ कापसाची बारीक वात ओढून तिचे टोक धाग्यासारखे करतात. रुग्णाने समोर पाहायचे. वात बाजूने आणायची, कारण समोरून आणली तर ती पाहूनच पापणी मिटते. पापणीच्या केसांना न लागता टोक कॉर्नियाला हलकेच टेकवायचे. आधी चांगला डोळा, मग दुखणाईत, म्हणजे फरक कळतो. सुन्न करणारे थेंब मात्र त्याआधी टाकायचे नाहीत, नाहीतर तपासणीला अर्थच उरत नाही. ही तपासणी डॉक्टरांनीच करायची, घरी प्रयोग नको.

नेमके माप हवे असेल तर कोशे-बोने नावाचे पेनासारखे उपकरण असते. त्यात ६ सेंटिमीटरपर्यंत लांब करता येणारा नायलॉनचा बारीक तंतू असतो. तंतू लांब असला की मऊ लागतो, आखूड केला की टोचतो. निरोगी तरुण डोळ्याला साधारणपणे पूर्ण लांबीचा मऊ स्पर्शही कळतो. तंतू जितका आखूड करावा लागेल तितकी संवेदना कमी.

आजींच्या उजव्या डोळ्याला कापूस लागताच त्या दचकून मागे सरकल्या. डाव्या डोळ्याला टेकवला, तर शांत बसून होत्या. "लागलं का?" विचारले. "कवा लावलास?" आजी म्हणाल्या. रंगाचा थेंब टाकून पाहिले, तर मधोमध जखम हिरवी चमकत होती.

कोणी जपावे?

नागिणीशिवाय डोळ्यातला हर्पिस, जुना मधुमेह, कुष्ठरोग, वर्षानुवर्षे वापरलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स यांनीही संवेदना कमी होते. वेल्डिंगनंतर डोळे चुरचुरतात म्हणून काही कारागीर सुन्न करणारे थेंब पुन्हा पुन्हा घालतात. त्यानेही कॉर्निया खराब होतो.

कपाळावर नागीण उठली तर लेपात दिवस घालवू नका. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. डोळा लाल नसला तरी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. दुकानातून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर घात होतो. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लसही आहे, डॉक्टरांना विचारा.

आजींना मलम आणि कृत्रिम अश्रू दिले, पण जखम भरेना. शेवटी पापण्या कडेने थोड्या शिवून घ्याव्या लागल्या. जखम भरली, डोळा वाचला, पण कॉर्नियावर डाग राहिला आणि नजर पहिल्यासारखी झाली नाही. आता त्या रोज सकाळी आरशात डोळा पाहतात. दुखून सांगणारे कोणी उरले नाही, म्हणून पाहूनच राखण करायची, हे त्यांना पटले आहे.