ग्लुटेन चालत नसेल तर बिअरचं काय?

परवा उचगावात मामेभावानं विचारलं, "दादा, डॉक्टरांनी चपाती बंद केलीय, मग बिअर चालंल काय?" त्याला सीलिअॅकचं, म्हणजे ग्लुटेन न चालणाऱ्या आजाराचं, निदान झालंय. मी ब्रुअरीत काम करतो, म्हणून इथं सगळ्यांसाठीच लिहितोय.

नेहमीची बिअर बार्लीची. बार्लीत हॉर्डीन असतं, ते ग्लुटेनच्याच कुळातलं प्रथिन. आंबवताना ते बरंच कमी होतं, पण संपत नाही. व्हीट बिअरमध्ये तर गहूच असतो.

"ग्लुटेन कमी केलेली" बिअरही बार्लीचीच असते. एन्झाइम टाकून प्रथिनाचे तुकडे करतात. पण हे तुकडे चाचणीत नेमके मोजता येत नाहीत. त्यामुळे किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत आकडा आला, तरी सीलिअॅकवाल्यांनी ती घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

खरा पर्याय ज्वारी. हो, आपल्या भाकरीचीच! आफ्रिकेत तिची बिअर पिढ्यानपिढ्या करतात. अमेरिकेत 2006 मध्ये 'रेडब्रिज' ही ज्वारीची बिअर आली.

करणाऱ्याची मात्र कसोटी लागते. बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं, ज्वारीला ते नसतं. लगदा तळाला गच्च बसतो आणि रस उतरायचा थांबतो. मग भाताचं तूस मिसळायचं, की धार पुन्हा सुरू!

आणखी एक पर्याय म्हणजे मध आंबवून केलेली मीड, ती पुण्यात बनते. तिला धान्य लागत नाही, तरी लेबल वाचा, काही प्रकारांत बार्लीचं माल्ट घालतात.

काही शंका असतील तर खाली विचारा. पण आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.