विद्यापीठात उघडणारा शोधनिबंध वेरूळमध्ये पैसे का मागतो? घरून असा उघडा

वेरूळच्या कैलास लेण्यावरचा शोधनिबंध वेरूळमध्येच बसून मोबाइलवर उघडायला गेलात, तर अनेकदा फक्त सारांश दिसतो आणि त्याखाली डॉलरमधली किंमत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वायफायवर तोच निबंध पूर्ण उघडू शकतो. एका पीडीएफसाठी ३० किलोमीटरची एसटी पकडण्याआधी हे वाचा.

असं का होतं?

ग्रंथालयाने वर्गणी भरलेली असली तरी प्रकाशकाची वेबसाइट तुम्हाला नावाने ओळखत नाही. ती बघते आयपी ॲड्रेस, म्हणजे तुमचं कनेक्शन कुठल्या नेटवर्कवरून आलंय ते. विद्यापीठाच्या नेटवर्कचे पत्ते प्रकाशकाकडे नोंदवलेले असतात. मोबाइल डेटा वापरला की पत्ता सिमकार्ड कंपनीचा दिसतो. मग तुम्ही पीएचडीला नोंदणी केलेली असो वा नसो, वेबसाइटच्या लेखी अनोळखीच.

पैसे कोणी भरलेत?

केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स. केंद्र आणि राज्यांच्या ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. थोडक्यात, बऱ्याच निबंधांचे पैसे करदात्यांनी आधीच दिलेत. किंमत दिसली म्हणून लगेच कार्ड काढू नका.

मग घरून कसं उघडायचं?

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही लॉगइन व्यवस्था यासाठीच आहे. तिचा युजर आयडी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून मिळतो. प्रकाशकाच्या पानावर स्वतःचं नवं खातं उघडू नका, त्याने निबंध उघडणार नाही. ‘संस्थेमार्फत लॉगइन’ हा पर्याय शोधा. मोबाइलवर तो बहुतेकदा तीन रेघांच्या मेन्यूत दडलेला असतो. तिथे इन्फेड, मग आपल्या विद्यापीठाचं नाव निवडा आणि ग्रंथालयाने दिलेला आयडी टाका.

महाविद्यालयात असाल तर ‘एन-लिस्ट’बद्दल ग्रंथपालांना विचारा. महाविद्यालय सदस्य असेल तर त्याचं लॉगइन कुठूनही चालतं.

हा आयडी मित्राला देऊ नका. एकाच खात्यावरून शेकडो पीडीएफ धडाधड उतरल्या, तर प्रकाशक अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवू शकतो.

आयडी मिळेपर्यंत काय?

‘शोधगंगा’वर मराठवाडा विद्यापीठासह देशभरचे पीएचडी प्रबंध लॉगइनशिवाय वाचता येतात. जेस्टोरवर मोफत वैयक्तिक खातं काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. आणि वेरूळवरच काम करत असाल, तर जेम्स बर्जेस यांचा १८८३चा लेण्यांवरील अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे.

लॉगइन करूनही निबंध उघडला नाही, तर ते जर्नल वर्गणीत नसेल किंवा नोंदणीत गडबड असेल. निबंधाची लिंक आणि स्क्रीनशॉट ग्रंथालयाला ईमेल करा.