चाकूचे पोलाद: धार लावणे आणि धार टिकणे

खिशातला चाकू घेताना पुष्कळ जण मुठीच्या देखणेपणावरच निवाडा देतात. वस्तुतः धार किती काळ टिकेल आणि बोथटल्यावर किती श्रमांनी परत येईल, हे पात्याच्या पोलादावर व त्याला दिलेल्या पाण्यावर अवलंबून असते. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात १८९० पासून घडणाऱ्या ओपिनेल चाकूचे साधे कार्बन पोलाद सामान्य दगडावर अल्पावधीत विलक्षण तीक्ष्ण होते, मात्र लिंबू चिरून तसेच ठेवल्यास ते हटकून काळवंडते. स्विस व्हिक्टोरिनॉक्सचे पाते, रॉकवेल मापाने सुमारे ५६ काठिण्याचे, लवकर बोथटते, पण गंजाला दाद देत नाही आणि धारही बिनतक्रार घेते.

२००१ साली क्रूसिबल या अमेरिकन कंपनीने आणलेल्या एस३०व्ही पोलादात सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्याचे कार्बनशी संयोग पावून बनलेले सूक्ष्म कण नेहमीच्या दगडातील ॲल्युमिनियम ऑक्साइडहूनही कठीण असल्यामुळे पुठ्ठे व दोर कापूनही धार दीर्घकाळ टिकते, आणि नेमक्या त्याच कारणास्तव तो दगड तिथे थिटा पडून हिऱ्याच्या कणांची पट्टी बाळगावी लागते. अशी पट्टी बाळगण्याची तजवीज नसेल, त्याने स्विस पातेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.