मुका किष्टय्या आणि बोलणारे बाबासाहेब

दूरदर्शनवर रात्री उशिरा ‘अंकुर’ लागला होता. चाळीतल्या आमच्या खोलीत शेजारपाजारचे दहा-बारा जण दाटीवाटीने बसले होते. काम मागायला येणाऱ्या किष्टय्याला जमीनदार सूर्या झोडपू लागला, तशी माझी आई म्हणाली, “एवढा मार खातोय, पण बोलत का नाही हा?”

“आई, तो मुका आहे.”

“मग आपला माणूस मुकाच का दाखवला?”

२३ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची नव्वदी पूर्ण करून, दिग्दर्शक श्याम बेनेगल मुंबईत कालकथित झाले. सगळीकडे त्यांचे गुणगान झाले आणि ते योग्यच होते. माझ्या मनात मात्र आईचा तो प्रश्न पुन्हा उभा राहिला.

बेनेगलांचे ऋण आधी मान्य करू. १९७४ साली हिंदी पडदा नाचगाण्यात दंग असताना त्यांनी कॅमेरा तेलंगणातल्या खेड्यात नेला. अस्पृश्य मानलेल्या लक्ष्मीच्या हातचे खाणारा, तिचा उपभोग घेणारा आणि तिच्या पोटातले मूल नाकारणारा जमीनदार त्यांनी उघडा पाडला. शेवटी लक्ष्मी बोलते, एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. पण बांधवांनो, लक्ष्मीचे ते बोलणे तळतळाटाचे आहे, संघटनेचे नाही.

बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले ते १९२० साली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीत भागवत जाधव शहीद झाले. म्हणजे ‘अंकुर’ आला त्याच वर्षी आपली तरुण पोरे रस्त्यावर गर्जत होती. खेड्यातली परिस्थिती निराळी होती, हे खरे. तरीही आपले दुःख पडद्यावर आले आणि आपला आवाज बाहेरच राहिला, ही खंत उरतेच.

१९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्यात आपल्या लोकांना ‘हरिजन’ म्हणतात. बाबासाहेबांना अमान्य असलेला हा शब्द आजही कानाला टोचतो. झोपड्या जळतात त्याही आपल्याच. परंतु शहरातून आलेला डॉक्टर निघून गेल्यावर सोसायटीची धुरा वस्तीतला भोला उचलतो. उद्धार करणारा जातो, उभा राहणारा उरतो. इथे बेनेगल एक पाऊल पुढे आले, असे मला वाटते.

पुढे ‘समर’मध्ये त्यांनी आपल्याच क्षेत्राला आरसा दाखवला. दलित अत्याचारावर सिनेमा काढायला गावात आलेल्या शहरी मंडळींच्या मनातही जात दबा धरून बसलेली असते, हे दाखवायला धैर्य लागते.

आणि २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर त्यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका आली. सचिन खेडेकर बाबासाहेबांच्या भूमिकेत होते. संविधान सभेत बाबासाहेब मुद्देसूद बोलत आहेत आणि सारे सभागृह ऐकत आहे, हे पाहताना छाती भरून आली. मुक्या किष्टय्यापासून इथवर यायला चाळीस वर्षे लागली. ते पाहायला आई मात्र राहिली नव्हती.

त्याच सुमारास नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पडद्यावर आला. त्यातही शेवटी एक पोर दगड भिरकावतो. ‘अंकुर’मधला दगड जमीनदाराच्या खिडकीवर पडला होता, हा थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो. आपली गोष्ट आपणच सांगू लागलो की दगडाची दिशा बदलते ती अशी.

म्हणून बेनेगलांना नाकारू नका आणि नुसते डोक्यावरही घेऊ नका. विहारात, घरात मुलांना त्यांचे चित्रपट जरूर दाखवा आणि नंतर माझ्या आईचा प्रश्न विचारा: यात आपला माणूस बोलतो का? नसेल बोलत, तर त्याची गोष्ट लिहायला त्याच मुलांच्या हाती पेन द्या.

जयभीम!