परदेशातील खाणावळ

जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात दोन गोष्टी छळतात : घरच्या जेवणाची आठवण आणि प्रत्येक युरोचे मनातल्या मनात होणारे रुपये. मग कोरड्या पावावर दिवस ढकलले जातात. याची काहीच गरज नसते.

तेथील विद्यापीठांत ‘मेन्झा’ नावाची खाणावळ असते. एकाच जेवणाचे तेथे बहुधा तीन दर असतात : विद्यार्थ्यांचा, कर्मचाऱ्यांचा व पाहुण्यांचा. ओळखपत्र दाखविले की सर्वांत कमी दर लागतो. शाकाहारी पदार्थ खूण करून वेगळे दाखविलेले असतात. ही सवलत म्हणजे दान नव्हे. सरकारी अनुदानाबरोबर प्रत्येक सत्राला आपण भरलेल्या शुल्काचा वाटाही तीत असतो. तेव्हा संकोच कसला?

रविवारी मेन्झा बहुतेक ठिकाणी बंद. त्या दिवशी तुर्की दुकान गाठावे. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत आले आणि आपली चवही घेऊन आले. अशा दुकानांत पुष्कळदा फलाफलही मिळते. काबुली चण्याचे ते तळलेले गोळे रोटीत भरून खाताना वडापाव आठवल्यावाचून राहत नाही.

मात्र ताट घेऊन एकट्याने कोपरा धरू नये. स्वस्त अन्नाने पोट भरते. चार माणसांत बसून खाल्ले तरच ते अंगी लागते.